माधू, टाकीतलं मीठ माझं होतं

माधू,

तुला जाऊन पाचवा दिवस होता. मोठे काका अंगणात खुर्ची टाकून बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. पेपरात द्यायची बातमी होती. चौकातल्या बॅनरवरही तोच मजकूर जाणार होता. तुझं नाव, बाबांचं नाव, तेरवीचा वार, आणि मध्ये काकांच्या वळणदार अक्षरात 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. मी दोनदा वाचलं. मग विचारलं, काका, अल्पसा म्हणजे किती? छत्तीस वर्षं जगलीस तू, त्यातली साडेपस्तीस आजारात. सहा महिन्यांची होतीस तेव्हा तुझ्या हातापायांचे पंजे सुजून टम्म झाले होते आणि आई तुला पोटाशी धरून भंडाऱ्याच्या दवाखान्यात धावली होती. पाच वर्षांची झालीस तेव्हा त्या सुजेला नाव मिळालं, सिकलसेल. आणि ज्या दिवशी नाव मिळालं त्याच दिवशी ते कुणापुढे काढायचं नाही असंही आपल्या घरात ठरलं.

काका चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "सुषमा, तिचं तिच्यासंगं गेलं. आता त्या रोगाचं नाव कायले काढाचं? तुह्या घरी लग्नाची पोरगी हाये."

माझी मृणाल. तेवीस वर्षांची. सिहोऱ्याचं स्थळ आलेलं, मुलगा शाळेत शिकवतो, घरची धानाची शेती, माणसं चांगली. तुला हे सगळं माहीत होतं. तेरवी उरकली की ते लोक रीतसर पाहायला येणार होते. मी तो कागद फाडायला हवा होता. तो मी पाण्याच्या गिलासाखाली ठेवला आणि पाहू म्हणाले. का ठेवला ते तुला सांगते, कारण तुझ्यापुढे आता साळसूदपणा करून उपयोग नाही. क्षणभर मला ते शब्द सोयीचे वाटले.

आपल्या मोहाडीत तुला 'मासेवाली मॅडम' म्हणायचे. बाजारात मासे विकणारी ढिवरीण बाई तुला थांबवून विचारायची, मॅडम, हा मासा ताजा आहे का सांगा, आणि तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचीस की तळ्यातल्या माशातलं मला काही कळत नाही, माझे मासे खारे. त्यावर ती बाई हसून पोट धरायची. समुद्र इथून एका रात्रीच्या गाडीचा प्रवास आणि वर अर्धा दिवस. आणि आपली पोरगी अभ्यास करते ती प्रवाळाच्या खडकांवरच्या एका बोटभर माशाचा. निळा, अंगावर काळा पट्टा. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे खाऊन त्यांना स्वच्छ करतो. मोठमोठे मासे त्याच्या दारात रांग लावतात, जबडा उघडून उभे राहतात, आणि हा आत जाऊन दात साफ करून बाहेर येतो. मी करडीच्या माझ्या शाळेत हे सांगितलं तेव्हा दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तो मोठा त्याले खात काहून नाही?" मी घरी येऊन तुला सांगितलं. तू म्हणालीस, या पोरीला माझ्याकडे पाठव, माझं अर्धं काम हिनं केलं.

तुझं काम त्याहून एक पायरी पुढचं होतं. हा मासा सफाई करतो, पण त्याचीच चुलत भावंडं करत नाहीत. काही नुसतीच लहानपणी करतात आणि मोठी झाली की सोडून देतात. मग याच्यातच असं काय आहे? त्याच्या जनुकांत कुठे लिहिलं आहे की तू दुसऱ्याचे दात घासून पोट भर? ते शोधायला तू समुद्रकाठच्या संस्थेत गेलीस. खडकांवर बुडी मारायची तुला फार हौस होती. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. श्वास कोंडला, अंग गारठलं की तुझ्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या आणि नसांत अडकायच्या. मग तू किनाऱ्यावर बसलीस, दुसऱ्यांनी आणलेले मासे पाहिलेस, आणि पुढे तेही झेपेना तेव्हा मोहाडीला परत आलीस. लॅपटॉपवर त्या माशाच्या आणि त्याच्या चुलत भावंडांच्या जनुकांची अक्षरं लावून पाहत बसलीस. ज्या खडकाचा अभ्यास केलास तो तू डोळ्यांनी कधी पाहिला नाहीस. याचा मला आजही राग येतो. कुणावर काढू ते समजत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

बाबा असताना तू त्यांना हे समजावत होतीस ते आठवतं? ते मागावर बसले होते, पाय खड्ड्यात सोडून, आणि तू बाजूला पोत्यावर. तू म्हणालीस, बाबा, दोन्ही माशांत जनुकं जवळपास तीच आहेत, पण डोक्यात कोणतं केव्हा जागं होतं ते वेगळं. मी तोंड वाकडं केलं, मला काही कळलं नव्हतं. बाबांनी धोटा न थांबवता म्हटलं, "म्हंजे सूत तेच, माग तोच. धागा कोनता केव्हा उचलाचा, तेवढं अलग. किनार बदलते." तू उठून त्यांच्या पाया पडलीस. नाटकी होतीस तू थोडी.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, शेवटी रक्तातच असतं सगळं. बाबांच्या आजोबांपासून माग चालला तो उगाच का? तुझी बोटं कीबोर्डवर चालतात तीही विणकराचीच. तू भडकायचीस. तुझ्या संशोधनाबद्दल जो सत्कार झाला होता, टाऊन हॉल भरलेला, त्यात पाहुण्यांनी नेमकं हेच म्हटलं, विणकराच्या लेकीच्या रक्तातच कसब असतं. टाळ्या पडल्या. तू माईक घेतलास. "माझ्या रक्तात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे," तू म्हणालीस. "दवाखान्याचा कागद आहे माझ्याजवळ. माग त्यात नाही. माग बाबांनी शिकवला, मार खाऊन शिकले." आईनं पदर तोंडावर घेतला. मी खुर्चीत खाली सरकले. लोकांना वाटलं तू विनोद केलास. मला ठाऊक होतं की तुला भर सभेत रोगाचं नाव घ्यायला एकच शब्द कमी पडला, आणि मी मनात देवाचे आभार मानले.

सभा संपल्यावर बसस्टँडवर तर्री-पोहे खाताना तू मला बोटं मोजून सांगितलंस. माझा आजार म्हणजे एक अक्षर चुकलेलं. आईकडून एक चुकलेलं आलं, बाबांकडून एक, झालं. ते एकच जनुक आहे आणि ते एकट्यानं बोलतं, त्याच्याशी वाद नाही. त्या माशाचं तसं नाही. तिथे शेकडो आहेत, एकेकाचं म्हणणं एवढंसं, आणि वर त्याला शिकावं लागतं. "ताई, रोग रक्तात असते. काम रक्तात नसते. तू दोन्ही एकातच बांधून राहिली." मी म्हटलं, दहा वर्षं घालून एवढंच सापडलं का? तू माझ्या प्लेटमधली शेव उचललीस आणि म्हणालीस, एक शोधायला गेले होते, शेकडो सापडले, तर तुला कमीच वाटून राहिले.

आता टाकीचं.

बाबा गेल्यावर माग उलगडला आणि खड्डा तसाच राहिला. सगळे म्हणाले बुजवा. तू म्हणालीस, इथे माझी टाकी बसेल. मागाच्या खोलीत ऊन येत नाही, खड्ड्यातली माती गार असते, बाजूला ओली गोणपाटं लावली की आपल्या उन्हाळ्यातही पाणी फार तापणार नाही. काचेची टाकी निम्मी खड्ड्यात, निम्मी वर. खारं पाणी बनवायची मिठाची पाकिटं, हवेचा पंप, पंपाला बॅटरी. नागपूरच्या दुकानातून दोन पिवळे चपटे मासे आले आणि त्यांच्यामागून तो निळा, अगदी बारका, आगपेटीच्या काडीपेक्षा थोडा मोठा. मोहाडीतले निम्मे लोक पाहून गेले. जिथे बाबा पाय सोडून बसत तिथेच तू पाय दुमडून बसायचीस आणि मांडीवरच्या वहीत लिहायचीस.

पहिले काही दिवस तो निळा अगदीच अडाणी होता. पिवळ्याच्या डोळ्यालाच टोचायचा, कल्ल्यात घुसून मार खायचा. किडे सोडून पिवळ्याच्या अंगावरचा चिकट थर चाटायचा, तो त्याला जास्त आवडायचा, आणि पिवळा मागे लागला की दगडाआड पळायचा. मग हळूहळू शिकला. दुसरा पिवळा पाहत असला की अगदी साळसूद. तू हसून हसून सांगायचीस, लुच्चा आहे, पण शिकून राहिला. ओढ जन्माची आहे, शिस्त नाही. मी लगेच म्हटलं, बघ, जन्माची ओढ आहे ना, मग मी काय सांगत होते? तू म्हणालीस, एका टाकीतल्या एका माशावरून शास्त्र होत नाही, तुझंही नाही आणि माझंही नाही. तू पाण्यात हात घातलास की तो येऊन सलाईनच्या खुणांभोवती टोचायचा. आई म्हणायची, तुही सेवा करून राहिला. तू म्हणायचीस, सेवा कशाची आई, त्याला भूक लागली आहे. आईला ते पटलं नाही. ती रोज त्याला नमस्कार करायची.

मागच्या उन्हाळ्यात तुला नागपूरला भरती केलं आणि टाकी माझ्यावर आली. सुट्ट्या होत्या. फोनवर तू दुखण्यात होतीस, तरी सांगितलंस, चारा एवढा, पंप पाहत राहा, आणि पाणी कमी झालं की भर टाकजो. बास. मी भर टाकली. रोज. आणि समुद्राचा मासा, त्याला साध्या पाण्यानं काही होऊ नये म्हणून रोज पाकिटातलं मीठ मोजून, विरघळवून, तेच खारं पाणी टाकलं. उन्हाळा कडक होता, पाणी भराभर उडत होतं, आणि मी दर दिवशी अधिक काळजीनं अधिक मीठ घालत होते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. मागे उरतंच. मी विणकराची लेक. सुताला लावायची तांदळाची खळ पातेल्यात आटून घट्ट झाली तर आपण तिच्यात पाणी घालतो, पुन्हा खळ घालत नाही. पाचवीपासून हे काम केलंय मी. पण मासा समुद्राचा म्हटल्यावर घरचं शहाणपण मला आठवलंच नाही.

सतराव्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा होता. पिवळे काठाशी श्वास घेत होते. शेजारच्या मास्तरांनी येऊन पाणी चाखलं आणि थुंकले, म्हणाले, बाई, हे तर लोणच्यासारखं लागतं. तेव्हा मला कळलं. आणि तू फोन केलास तेव्हा मी सांगितलं की वीज गेली होती, बॅटरीही उतरली, पंप बंद पडला. आपल्या इथे वीज जाते, कुणीही विश्वास ठेवील.  तू म्हणालीस, पिवळे आहेत ना? ठीक आहे.

मी खोटं का बोलले? तू चिडशील म्हणून नाही. तू चिडत नाहीस याचीच मला भीती होती. तुझ्या हातावर टोचणारा, तुझी एवढी करमणूक करणारा तो एकच जीव होता त्या खोलीत, आणि माझ्या काळजीनं तो मेला. हे तुला आजारपणात सांगायला माझी जीभ वळली नाही. बरी झाल्यावर सांगू म्हटलं. बरी झालीस, तेव्हा नवा विषय निघाला.

नवा विषय म्हणजे मृणालचं लग्न. दिवाळीनंतर सिहोऱ्याचं नाव आलं आणि तू त्याच दिवशी माझ्या मागे लागलीस. मी सोळा वर्षांची असताना, तुझ्यामुळे, आपल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. आई वाहक, बाबा वाहक, मी वाहक. मला काही त्रास नाही, होणारही नाही, एक अक्षर चुकलेलं आणि एक बरोबर. तो कागद बाबांनी सुताच्या पेटीत तळाशी ठेवला आणि माझं लग्न झालं. सासरी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या भाऊजींनाही नाही. ते चिखल्याच्या खाणीत नोकरीला, मी आणि मृणाल इथेच मोहाडीत, ते शनिवारी घरी येतात, साधा माणूस. पंचवीस वर्षांत त्यांना कळू दिलं नाही. मृणाल धडधाकट निघाली आणि मी सुटले असं मानलं. तू म्हणालीस, "ताई, तू वाहक हायेस. पोरीचं रक्त तपास. पोराचं तपासायले सांग. एवढंच म्हणून राहिली मी."

आणि मी काय म्हणाले ते आपल्या दोघींनाच माहीत आहे, पण आता सगळ्यांना माहीत होऊ दे. मी म्हणाले, तुझ्या रक्तात आहे म्हणून तुला सगळ्यांच्याच रक्तात तेच दिसतं.

तू चष्मा काढून पुसलास. मग मागाच्या खोलीत जाऊन दार लोटलंस. त्यानंतर आपण बोललो, रोज बोललो, भाजीचं बोललो, आईच्या गुडघ्यांचं बोललो, पण हे नाही. तू मृणालला स्वतः सांगू शकली असतीस, ती तुझ्याच खोलीत अर्धा दिवस असायची. नाही सांगितलंस. मग तो ताप आला, छातीत उतरला, आणि तुझ्या नाकावर मास्क लागला. तू माझा हात धरलास आणि मास्कच्या आतून काही म्हणालीस, मी वाकले, तर तू म्हणत होतीस पिवळ्यांना चारा. मी घातला आहे, माधू. साधं पाणी घालते, मीठ नाही.

तर तो कागद गिलासाखाली होता. सहाव्या दिवशी मी तुझी खोली आवरायला घेतली. आवरायचं काय, तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कोरंच आहे, वर नुसतं 'निष्कर्ष' लिहिलेलं. ते तसंच राहू दिलं. टाकीची वही उघडली आणि मागचा उन्हाळा शोधला. सापडला. तुझं थरथरतं अक्षर, दवाखान्यातून आल्याच्या दिवसाचं. 'निळा मेला. कारण वीज गेली, पंप बंद (ताईकडून).' मला वाटलं आता वही मिटावी. पण खाली दुसऱ्या शाईनं आणखी होतं.

'पाणी मोजलं. मीठ फारच वाढलेलं. भर साध्या पाण्याची टाकायची हे सांगायचं मी विसरले, चूक माझी. ताई घाबरली असेल. विचारायचं नाही. ती सांगेल.'

मी खड्ड्याच्या काठावर बसले, बाबांच्या जागी, आणि मोठ्यानं रडले. आई धावत आली. तिला वाटलं तुझी आठवण. आठवण नव्हती गं ती, संताप होता. वर्षभर तू माझ्यासमोर चहा पीत होतीस आणि वाट पाहत होतीस. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये. निदान एकदा ओरडायचं तरी. मी उठले, अंगणात आले, गिलास बाजूला केला आणि तो कागद फाडला.

त्या शनिवारी तुझे भाऊजी आले तेव्हा त्यांना मी जेवायच्या आधी सांगितलं, जेवल्यावर सांगणं मला लबाडीचं वाटलं असतं. ते म्हणाले, "पंचवीस वर्स, सुषमा?" आणि ताट सरकवून बाहेर गेले. दिवस मावळायच्या आत परत आले, माझ्याकडे न पाहता म्हणाले, सोमवारी मीही येतो, तिघांचं तपासू. ते अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. बोलू दे. तेवढं माझ्या वाट्याचं आहे. मृणालला सांगितलं तर ती म्हणाली की तिला संशय होताच, मावशीनं जीवशास्त्राचा तो धडा तिच्याकडून तीनदा वाचून घेतला होता. बघ, तू सांगितलं नाहीस पण शिकवलंस. तुझ्या भाऊजींचं रक्त साफ निघालं. मृणाल वाहक. कागद हातात घेऊन ती म्हणाली, "मले काही झालं नाही. नुसतं माहीत झालं."

सिहोऱ्याला फोन मीच केला. मुलाच्या आईशी बोलले, सगळं, तुझ्या नावासकट.  त्या विचारून सांगतो म्हणाल्या आणि फोन ठेवला. काका त्या दिवशी माझ्याकडे पाणीही प्यायले नाहीत. म्हणाले, पोरीच्या पायावर तू धोंडा टाकून राहिली. दोन दिवसांनी त्या मुलानं मृणालला स्वतः फोन केला. त्यानं रक्त दिलं आहे, अहवाल भंडाऱ्याहून यायचा आहे, आणि त्याची आई त्याच्याशी बोलत नाही. मी मृणालला विचारलं, त्याचाही कागद तसाच आला तर? "तर नाही करणार," ती म्हणाली. "रडीन थोडी. पन माह्या पोराचे पंजे सुजू नाही देणार." तुझं नाक, तुझा आवाज. आता म्हण रक्तात काही नसतं.

पेपरात बातमी आली ती मी लिहिलेली. 'सिकलसेल या आनुवंशिक आजाराशी छत्तीस वर्षे झुंजून.' बॅनरवरही तेच, मोठ्या अक्षरात, चौकात, जिथून काकांना रोज जावं लागतं. बॅनरवाल्यानं मला दोनदा विचारलं, मॅडम, हेच छापायचं ना? हेच छापायचं.

तेरवीला मंडळी जमली. तुझा फोटो मागाच्या खोलीच्या दारात ठेवला होता, मागे टाकी, पिवळे फिरत होते. पानं वाढायच्या आधी मी उभी राहिले. शाळेत प्रार्थनेला उभी राहते तसे हात बांधून. मी म्हटलं, "माह्यी बहीण सिकलसेलनं गेली. आईबाबा दोघं वाहक होते. मी वाहक हाये, मृणाल वाहक हाये. लपवून तिचं दुखणं कमी झालं नाही. सरकारी दवाखान्यात टेस्ट होते, ज्यायले करायची त्यायनं माह्यासंगं या." कुणी खोकलं. कुणीतरी डाळ गरम आहे का विचारलं. काका पानावरून उठले नाहीत, पण मान खाली घालून बसले. पाच मिनिटांत सगळे भातावर आणि वांग्याच्या भाजीवर बोलायला लागले आणि मला वाटलं, झालं, एवढंच.

मी आत कढी आणायला गेले तेव्हा चुलीजवळ काकांची धाकटी सून उभी होती. पूजा. पाचवा महिना आहे तिला. हातात रिकामी वाटी, वाढायला काही नाही, नुसती उभी. तिनं मागे वळून पाहिलं आणि हळू म्हणाली, "ताई, ते टेस्ट कुठी होते? यायचे पाय दुखतात लहानपनापासून. घरचे म्हन्तात वात हाये."

यायचे म्हणजे तिच्या नवऱ्याचे. काकांच्या स्वतःच्या मुलाचे. तीस वर्षं एका भिंतीपलीकडे, माधू.

काकांना मी काही बोलले नाही. बोलायची फार इच्छा होती, तू असतीस तर बोललीच असतीस. पूजा आणि तिचा नवरा, दोघांना मी उद्या घेऊन जाते आहे. काल आमचं ठरत होतं तेव्हा काकांनी बाहेरून विचारलं, कुठं चालल्या, तर पूजानं स्वतःच उत्तर दिलं, रक्त द्यायले.  आज सकाळी काका येऊन म्हणाले, मीही येतो.

तुझं 'निष्कर्ष' मी लिहू शकत नाही. त्या माशाला सफाई कोण शिकवतं, किती जन्माचं आणि किती टाकीतलं, हे तुझ्या संस्थेतले लोक लिहितील. लॅपटॉप त्यांना दिला आहे, आणि निरोप दिला आहे की तुझं नाव वर घाला. पण टाकीची वही मी दिली नाही. तिच्यात एक नोंद अपुरी होती. आज शाळेत जायच्या आधी मी ती काढली आणि तुझ्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं.

'मीठ मी घातलं. रोज, सतरा दिवस. वीज गेली नव्हती. ताई.'